एनजी मॉडेल्स इतक्या लवकर वर कशी आली? आणि तुमची जुनी विमानं विकावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे १:४०० मापाची (खऱ्याच्या चारशेव्या हिश्श्याची) डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली, प्रवासी विमानं आहेत, बहुतेक जेमिनी जेट्सची, काही फिनिक्सची. अलीकडे जो तो एनजी मॉडेल्सचं नाव घेतो. ही चिनी कंपनी एवढ्या थोड्या काळात संग्राहकांच्या पहिल्या पसंतीला कशी पोचली, हे कौतुक खरं की नव्याचे नऊ दिवस, आणि जुनी विमानं विकून सगळा संग्रह तिच्याकडे वळवावा का, असं तुम्ही विचारलंय.

कौतुक बहुतांशी खरं आहे. पण ते कशासाठी खरं आहे हे नीट लक्षात घेतलं, तर तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं येतं. एनजी वर आली ती साच्याच्या जोरावर. रंग, छपाई, पेटी यांत ती इतर चांगल्या कंपन्यांच्या बरोबरीने चालते, कधी मागेही पडते. आणि साचा चांगला की वाईट हे अख्ख्या ब्रँडबद्दल सांगता येत नाही, एकेका विमानप्रकाराबद्दलच सांगता येतं. म्हणून ‘जेमिनी की एनजी’ हा प्रश्न सोडा. ‘या विमानाचा आजचा सगळ्यात चांगला साचा कुणाकडे आहे’ हे विचारा, आणि प्रत्येक खरेदीला नव्याने विचारा.

माझं हे मत छंदातून आलंय तितकंच धंद्यातून आलंय. भोसरीच्या टूलरूममध्ये प्रेशर डाय कास्टिंगच्या डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवण्यात माझी सगळी नोकरी झाली. आमचं काम गाड्यांच्या पार्टचं, पण धातू आकसतो तो सगळीकडे सारखाच.

उत्तर परिस्थितीनुसार बदलतं, ते आधी सांगतो. तुम्ही फक्त भारतीय विमान कंपन्या जमवत असाल तर निवडीला फारसा वाव नाही. एअर इंडियाचं किंवा इंडिगोचं जे विमान जो कोणी काढेल ते मिळेल तेव्हा घ्यावं लागतं. एकाच प्रकाराच्या मागे असाल, समजा सगळी ७४७, तर साचा हेच सर्वस्व. विमानतळाचा देखावा मांडत असाल तर वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं शेजारी उभी राहतात आणि चाकांच्या उंचीतला फरक लगेच डोळ्यांत भरतो. काचेच्या कपाटात चार फुटांवरून बघायची असतील, तर मी खाली लिहितोय त्यातलं निम्मं तुम्हाला कधी जाणवणारही नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही.

थोडी पार्श्वभूमी. जर्मनीच्या न्यूरेंबर्गमधल्या शाबाकची १:६०० विमानं आधीपासून होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बव्हेरियातल्या हेर्पाने १:५०० हे माप रुजवलं. त्याच दशकाच्या उत्तरार्धात १:४०० आलं. लास व्हेगासची जेमिनी जेट्स आणि हाँगकाँगची ड्रॅगन या त्यातल्या ठळक कंपन्या. या मापात ७४७-४०० सुमारे १७.७ सेंटिमीटर भरतं आणि ७३७-८०० दहा सेंटिमीटरच्या जरा आत. हातात घेतल्यावर वजन जाणवावं एवढं मोठं, आणि एका कपाटात मोठा ताफा मावावा एवढं लहान. म्हणून हे माप टिकलं. पुढे एरोक्लासिक्स, फिनिक्स, जेसी विंग्ज अशी नावं वाढली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: पेटीवरचं नाव आणि विमान ओतणारा कारखाना एकच असेल असं नाही. जेमिनीची कितीतरी विमानं जेसी विंग्जच्या साच्यांतून आलेली आहेत.

म्हणजे २०१७-१८ च्या सुमाराला एनजी आली तेव्हा बाजार भरलेला होता. तरी तिला शिरायला जागा सापडली. ती कुठे सापडली, हेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर.

तिची सुरुवातीची ओळख झाली बोइंग ७५७ मुळे. ही निवड फार जाणती होती. ७५७ एकूण १,०५० बनली, उत्पादन २००४ मध्ये थांबलं. अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्यांनी ती उडवली, युरोपातल्या सहलींच्या विमान कंपन्यांनी उडवली, मालवाहतुकीत ती अजून उडतेय. आपल्याकडे ब्लू डार्टची ७५७ मुंबईकरांनी पाहिलेली असतील. म्हणजे एका साच्यावर चढवता येतील असे रंग ढिगाने. आणि बाजारात तेव्हा असलेले ७५७ चे साचे बहुतेक जुने, त्यांच्याबद्दल जाणकारांची कुरकुर कायमची.

कुरकुर नाकाबद्दल होती. बोइंगने ७५७ आणि ७६७ जोडीने आखली आणि वैमानिकांना दोन्ही एकाच पात्रतेवर उडवता यावीत म्हणून कॉकपिट जवळजवळ सारखं ठेवलं. ७६७ चं धड रुंद. ७५७ चं धड मात्र ७२७ आणि ७३७ च्याच घराण्यातलं, ३.७६ मीटर रुंदीचं. रुंद विमानाचं कॉकपिट अरुंद धडात बसवताना नाक खाली झुकलं आणि ७५७ ला तिचा तो ओळखू येणारा चेहरा मिळाला. १:४०० मध्ये हे धड ९.४ मिलिमीटर रुंद. या मापात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ४० सेंटिमीटर. नाकाच्या वळणात पाव मिलिमीटर चुकलं तर ती प्रत्यक्षातली १० सेंटिमीटरची चूक, आणि तीही चेहऱ्यावर. पंखाची लांबी अर्धा मिलिमीटर कमी पडली तर कुणाला कळणार नाही. नाकाला तेवढी माफी नसते.

दुसरी तक्रार उंचीची. ७५७ मुळातच उंच पायांचं विमान. तिची मुख्य चाकं सुमारे एक मीटर व्यासाची, म्हणजे मॉडेलवर अडीच मिलिमीटर. चाक फिरतं ठेवायचं तर आत आस हवा, आसाभोवती पुरेसं मटेरियल हवं, म्हणून चाक थोडं मोठं करायचा मोह होतो. चाक वाढलं की पाय वाढतो, आणि विमान टाचा उंचावून उभं असल्यासारखं दिसतं. एनजीच्या ७५७ ने नाक आणि बैठक या दोन्ही जागा बऱ्याच नीट साधल्या. शेजारी ठेवून बघा, मला वेगळं सांगावं लागणार नाही.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. जुन्या कंपन्यांना हे जमत नव्हतं का? जमत होतं. त्यांच्याकडे कारण नव्हतं.

ही विमानं झामॅकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची असतात: जस्तात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम आणि थोडं मॅग्नेशियम, तांबं. हे मिश्रण ३८५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं. आम्ही गाड्यांसाठी ॲल्युमिनियम ओततो ते त्याहून खूप गरम, त्यामुळे प्रत्येक शॉटला, म्हणजे डायमध्ये धातू भरण्याच्या प्रत्येक वेळी, डायच्या पोलादाला चटका बसतो आणि काही काळाने कॅव्हिटीवर, म्हणजे डायच्या आतल्या पोकळीवर, केसासारख्या भेगा येतात. डाय बदलावीच लागते, आणि बदलताना माणूस डिझाइनही सुधारून घेतो. जस्ताच्या डायला हा त्रास नगण्य. ती लाखो शॉट सहज खाते. आणि संग्राहकांच्या विमानाची एका रंगाची एक खेप म्हणजे काही शे ते फार तर एक-दोन हजार नग. थोडक्यात, साचा झिजून कधी मरतच नाही. २००० सालच्या सुमाराचा साचा आजही धारदार पार्ट देतो, फक्त त्यातल्या चुकाही तितक्याच धारदार येतात. ज्याचा खर्च कधीच वसूल झालाय आणि ज्यावर नुसता नवा रंग चढवला की माल खपतो, तो साचा मोडीत काढून नवा करायचा निर्णय कुठल्याही मालकाला जड जातो. मी अशा बैठकांना बसलेलो आहे. गाडीचा पार्ट असो की खेळणं, ‘चालतंय ना?’ एवढंच विचारलं जातं.

नव्या कंपनीकडे जुना साचाच नसतो. तिला पोलाद कापायचंच आहे. मग ते आजच्या कॅडवर, म्हणजे संगणकावर, आखून, आजच्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) आणि ईडीएम (विजेच्या ठिणगीने धातू कापणाऱ्या) यंत्रांवर कापणं हाच तिच्यासाठी सरळ रस्ता. एनजीला मिळालेली संधी ही होती, आणि तिने ती नेमक्या अशा विमानांवर वापरली जिथे जुने साचे कमकुवत होते.

त्यात अवघड काय असतं, तेही थोडं सांगतो, कारण त्यावरून तुम्हाला मॉडेल पारखता येईल. जस्त थंड होताना साधारण ०.६ टक्के आकसतं. ७५७-२०० चं धड मॉडेलवर ११८ मिलिमीटर. डाय मोठी केली नाही तर धड ०.७ मिलिमीटरने आखूड पडेल. हिशेब इथे संपला असता तर सोपं होतं, पण पंख बसतात तिथे धातू जाड आणि शेपटीकडे पातळ, त्यामुळे आकसणंही सगळीकडे एकसारखं होत नाही. मग येते पार्टिंग लाइन. डायचे दोन अर्धे जिथे भेटतात तिथे धातूची पातळ कड, म्हणजे फ्लॅश, राहते आणि ती घासून काढावी लागते. ही रेष नाकावरून जात असेल, तर शेवटचा आकार घासणाऱ्या कामगाराच्या हातावर ठरतो. एकाच साच्याची दोन विमानं समोरून किंचित वेगळी दिसतात त्याचं एक कारण हे.

पंखांचा जोडही बघा. जुन्या पद्धतीत दोन्ही पंखांचा मिळून एक तुकडा पोटाखालून बसवत, आणि त्यासाठी धडाला मोठी खाच ठेवत. खाचेची कड पंखाच्या वर फट म्हणून दिसे, नेमकी खिडक्यांच्या खाली. ती फट दिसेनाशी करायची तर दोन्ही पार्टची मापं फार काटेकोर धरावी लागतात, वर रंगाच्या थराची जाडीही आधीच हिशेबात घ्यावी लागते. रंगाचा थर ०.०५ मिलिमीटर म्हटला तरी खऱ्या विमानावर तो दोन सेंटिमीटर होतो. त्याच न्यायाने, ज्या मॉडेलवर पत्र्याच्या जोडरेषा खोल आणि ठळक कोरलेल्या असतात ते ‘डिटेल’ म्हणून खपतं खरं, पण ०.१ मिलिमीटरची रेष म्हणजे खऱ्या विमानावर चार सेंटिमीटरची भेग. मला अशी कोरीव विमानं आवडत नाहीत.

एनजीला निष्ठावान गिऱ्हाईक मिळवून देणारी पुढची गोष्ट म्हणजे पोटप्रकारांची काळजी. ७५७ दोन कंपन्यांच्या इंजिनांसह आली: रोल्स-रॉइसची आरबी२११ आणि प्रॅट अँड व्हिटनीची पीडब्ल्यू२०००. दोन्हींची आवरणं वेगळी दिसतात. डेल्टा, युनायटेड, नॉर्थवेस्ट यांनी प्रॅट घेतली. अमेरिकन एअरलाइन्सने रोल्स-रॉइस घेतली, पण टीडब्ल्यूए ही विमान कंपनी अमेरिकनमध्ये विलीन झाल्यावर टीडब्ल्यूएकडून आलेली ७५७ प्रॅटवाली होती. म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या दोन विमानांची इंजिनं वेगळी. कुठलं कुठे बसवायचं ते रजिस्ट्रेशन, म्हणजे विमानाचा नोंदणी क्रमांक, पाहूनच ठरवावं लागतं. पंखांच्या टोकाची वळलेली विंगलेट २००५ पासून बसवायला लागले, त्यामुळे तोच रंग विंगलेटसह आणि विंगलेटशिवाय अशा दोन रूपांत असू शकतो. छतावरची सॅटेलाइट अँटेनाची घुमटी आणखी वेगळी. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे डायमध्ये वेगळं इन्सर्ट (बदलता येणारा तुकडा) किंवा वेगळा पार्ट, म्हणजे वेगळा खर्च. तो खर्च करणारा आणि रजिस्ट्रेशननुसार बरोबर जोडणी करणारा निर्माता संग्राहक विसरत नाहीत.

आपल्याला हे जवळचं वाटावं म्हणून एअर इंडियाचं उदाहरण घ्या. १९७१ मध्ये आलेल्या ७४७-२०० ला प्रॅटची जेटी९डी इंजिनं होती, ‘एम्परर अशोक’ त्यातलं पहिलं. १९८८ च्या दोन ७४७-३०० कॉम्बींना (प्रवासी आणि माल एकत्र नेणाऱ्या विमानांना) जनरल इलेक्ट्रिकची सीएफ६. १९९३ पासून आलेल्या ७४७-४०० ना पुन्हा प्रॅट, पीडब्ल्यू४००० घराण्यातली. तीनही पिढ्यांवर खिडक्यांभोवतीचे तेच लाल झरोके, पण खालचं विमान तीनदा वेगळं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शेवटच्या शेवटच्या ७४७ पैकी एकाने मुंबईहून अमेरिकेकडे कायमचं उड्डाण केलं, तेव्हा ज्यांना तिचं मॉडेल हवंसं वाटलं त्यांनी आधी इंजिनं तपासायला हवी होती, कारण दुसऱ्याच इंजिनाच्या साच्यावर झरोके छापणं निर्मात्याला सहज शक्य असतं. इंडिगोच्या ए३२०निओंचंही तसंच: आधीची प्रॅटच्या इंजिनांची, नंतरच्या ऑर्डरींमधली सीएफएमच्या लीप इंजिनांची. एवढ्या लहान मापात व्यासातला फरक जवळपास कळत नाही, पण आवरणाचा आकार सरावलेल्या डोळ्याला कळतो.

पुढे एनजीने ७३७, ए३३०, ७८७, सीआरजे अशी आजची विमानं काढली, आणि त्यांच्यासोबत लॉकहीड एल-१०११ ट्रायस्टार आणि ७४७एसपीही काढली. या शेवटच्या दोन मला फार बोलक्या वाटतात. ट्रायस्टार फक्त २५० बनली. तिचं मधलं इंजिन धडाच्या शेवटात आणि त्याचं तोंड शेपटीच्या पुढे वर. हवा इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाने खाली जाते. मॉडेलवर ते तोंड खरंच पोकळ दिसायला हवं, नुसतं काळा रंग लावलेलं भोक नको. त्यासाठी डायमध्ये वेगळा कोअर (पोकळी ठेवणारा तुकडा) सरकवावा लागतो किंवा शेपटी वेगळ्या पार्टांत करावी लागते.

७४७एसपी तर अवघी ४५ बनली. वरवर पाहता ती आखूड केलेली ७४७, १:४०० मध्ये १४.१ सेंटिमीटरची. पण तशी ती नाही. धड आखूड झाल्यावर तोल राखायला शेपटी उंच केली, सुमारे दीड मीटरने, म्हणजे मॉडेलवर पावणेचार मिलिमीटरने. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली सरकणाऱ्या पट्ट्या, साधे केले, त्यामुळे इतर ७४७ च्या पंखांखाली दिसणारी फ्लॅपच्या रुळांची होडीसारखी आवरणं एसपीला नाहीत. जुन्या ७४७ चा पंख घेऊन आखूड धडाला लावला तर ती एसपी होत नाही; पंखसुद्धा नव्याने कापावा लागतो. पॅन ॲम, टीडब्ल्यूए, क्वांटास, साउथ आफ्रिकन, इराण एअर, चीनची सीएएसी एवढ्या वेगवेगळ्या रंगांत ती उडाली म्हणून हा खर्च परवडतो. विमान किती बनली हे बघायचं नसतं, किती कंपन्यांच्या रंगांत उडाली ते बघायचं असतं. एनजीने हे गणित चांगलं ओळखलं असं मला वाटतं.

आणि एक कारण कंपनीच्या बाहेरचं. पूर्वी माणूस दुकानात जायचा, काचेआडून विमान बघायचा, घ्यायचा. आता मॉडेलचा ऐन बाजूने काढलेला फोटो खऱ्या विमानाच्या फोटोशेजारी ठेवून जगभरचे लोक चर्चा करतात. साच्यातली चूक लपत नाही, आणि बरोबर साच्याचं कौतुकही वाया जात नाही. अचूक साच्याचा पैसा वसूल होऊ लागला तो या तुलनेमुळे. त्याचा फायदा आपल्याला असा की एनजी आल्यावर इतरांनीही नवे साचे कापले. जेसी विंग्जने तर तीच विमानं फ्लॅप खाली सोडलेल्या रूपातही काढली. म्हणून एनजीच्या नावावर डोळे मिटून उडी मारू नका. एखाद्या प्रकारात आज दुसऱ्याचा साचा सरस असू शकतो.

काही सावधगिरीच्या गोष्टी. बारीक पार्ट म्हणजे नाजूक पार्ट. पेटीतून काढताना पंखाला धरू नका, धडाला खालून आधार द्या. अँटेना आणि पुढची चाकं आधी जातात. छपाई नीट बघा. रबरासारख्या मऊ सिलिकॉनच्या पॅडने रंग उचलून विमानावर टेकवतात, प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट. सपाट भागावर हे छान बसतं, पण नाकावर पृष्ठभाग दोन दिशांनी वळतो, तिथे पॅड ताणलं जातं आणि कॉकपिटच्या काचा वाकड्या पडू शकतात. साचा उत्तम आणि काचा वाकड्या, असं एक विमान माझ्या कपाटात आहे. मला ते परत करता आलं नाही. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, हे सगळ्यांकडे होतं.

आता तुम्ही काय करावं. घोषणेच्या वेळी दाखवतात ती चित्रं बहुधा संगणकावरची असतात, त्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्यक्ष विमानाचा सरळ बाजूने आणि सरळ समोरून घेतलेला फोटो येईपर्यंत थांबा. मी आधी नाक आणि कॉकपिटच्या काचा बघतो, मग जमिनीपासून पोटाची उंची, मग इंजिनाचं आवरण रजिस्ट्रेशनशी जुळतं का ते, आणि पंखाचा जोड सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन गोष्टी चुकल्या तर पुढचं बघत नाही. थांबल्यामुळे एखादी खेप संपून जायची जोखीम आहे. तुमच्या यादीत सगळ्यात वर असलेल्या विमानासाठी आधी बुकिंग करा, बाकीच्यांसाठी थांबा.

पैशांचं बोलायला हवं, कारण आपल्याकडे साच्याइतकाच सीमाशुल्काचा प्रश्न आहे. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यात २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) प्रमाणपत्राची सक्ती आली. पेटीवर ‘१४ वर्षांवरील संग्राहकांसाठी’ असं छापलेलं असलं तरी पार्सल कशातून येतं आणि तपासणारा अधिकारी त्याला काय समजतो, यावर बरंच ठरतं. परदेशातून मागवण्याआधी किंमत, टपाल आणि शुल्क मिळून बेरीज करा आणि ती इथल्या विक्रेत्याच्या भावाशी ताडून बघा. कितीदा इथला महाग वाटणारा भावच स्वस्त निघतो. गुंतवणूक म्हणून मात्र यात पैसे घालू नका. ज्या रंगाचं विमान आज दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने जातं, तेच उद्या कुणी चांगल्या साच्यावर काढलं की जुन्याचा भाव खाली येतो. हे दरवर्षी घडताना दिसतं.

म्हणूनच जुनी जेमिनी सरसकट विकायला मी नको म्हणतो. तीन ढीग करा. ज्या कंपनीचं, ज्या रंगाचं विमान इतर कुणी काढलेलंच नाही, ते साचा कसाही असला तरी ठेवा. बंद पडलेल्या जेट एअरवेज आणि किंगफिशरची असतील तर आधी तीच बाजूला काढा, कारण बंद कंपनीचे रंग पुन्हा कोण कधी काढेल याचा भरवसा नाही. ज्यांची नवी, अचूक आवृत्ती बाजारात आहे आणि ज्यांच्यात तुमचा जीव गुंतलेला नाही, ती विका, आणि ती लवकर विका. नवी आवृत्ती सगळ्यांच्या हातात पोचल्यावर जुनीला गिऱ्हाईक मिळत नाही. उरलेली राहू द्या. विकायची असतील त्यांची पेटी आणि आतला साचेबंद प्लॅस्टिकचा ट्रे जपून ठेवा, त्यावाचून भाव पडतो.

ठेवाल ती नीट ठेवा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर दमटपणाकडे लक्ष द्या. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. ऊन थेट पडू देऊ नका, पांढरा रंग पिवळा पडतो. पेटी उघडल्यावर कुठे रंग फुगलेला किंवा धातूला बारीक तडे गेलेले दिसले तर ते वेगळं काढा. लिव्हरपूलच्या मेकॅनो कारखान्यातल्या, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या ‘डिंकी’ या खेळण्यांतल्या विमानांचं हेच झालं: जस्तात शिसं, कॅडमियम अशी अशुद्धी शिरली की धातू आतून कणाकणाने सुटत जातो, आणि तो कुठल्याही उपायाने थांबत नाही. आजच्या झामॅकची शुद्धता सांभाळली जाते, त्यामुळे तुमच्या विमानांना हे होण्याची शक्यता कमी. तरी वर्षातून एकदा सगळी हातात घेऊन उलटीसुलटी बघून ठेवा.

तुमच्या यादीत अमेरिकनची ७५७ आहे असं तुम्ही लिहिलंय. तिचं रजिस्ट्रेशन इथे टाका. ती टीडब्ल्यूएकडून आलेली आहे का ते बघून कुठलं इंजिन हवं ते सांगतो, मग कुणाची घ्यायची ते ठरवू.